द्राक्षबाग गहाण टाकून समुद्र शिकावा का?

पत्र तासगाव तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारी एकवीस वर्षांची आहे. सांगलीतल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. घरी दोन एकर द्राक्षबाग, आई-वडील, आजी आणि बारावीतला भाऊ. दुसऱ्या वर्षी कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली, आणि तेव्हापासून समुद्रविज्ञानातच एम.एस्सी. करायची हे तिच्या मनाने घेतलं आहे. मामा शिक्षक आहेत. ते म्हणतात, बी.एड. कर, टीईटी दे, घराजवळ नोकरी बघ. पोर बोटीवर जाणार म्हणून आजीच्या पोटात गोळा. अशात एका कन्सल्टन्सीने ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचा प्रस्ताव पुढे ठेवला, दोन वर्षांचा खर्च अडतीस लाख. वडील त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सातबारा घेऊन बँकेत गेले. ती लिहिते, ‘ताई, समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय. मला पोहता येत नाही. आमच्या घरात समुद्राशी कुणाचा काही संबंध नाही. असं असताना हा हट्ट धरणं स्वार्थीपणाचं आहे का? की आत्ता माघार घेतली तर जन्मभर पस्तावा होईल?’

नमस्कार.

तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

बाकी सगळं सावकाश बोलू, पण एक काम आजच कर. बाबांना सांग, बँकेतली फाईल तूर्त थांबवा. ‘नको’ म्हणायची गरज नाही, ‘थांबवा’ एवढं पुरे. तुझ्या पत्रातली घाईची गोष्ट ही एकच आहे, आणि ती तू अर्ध्या वाक्यात उरकली आहेस.

परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सी विद्यार्थ्याकडून बहुधा पैसे घेत नाहीत, सल्ला फुकट असतो. मग त्यांचं ऑफिस चालतं कशावर? प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे बऱ्याच परदेशी विद्यापीठांकडून त्यांना कमिशन मिळतं. यात बेकायदा काही नाही. पण त्या टेबलापलीकडचा माणूस तुला कारवार किंवा कोचीच्या विद्यापीठाचं नाव कधीच सुचवणार नाही, एवढं ध्यानात ठेवून त्याचं ऐकायचं. ‘पाच वर्षांत कर्ज फिटतं’ असं तो म्हणाला ना? त्याला विचार, मागच्या तीन वर्षांत तुमच्यामार्फत समुद्रविज्ञानाला किती जण गेले, आज ते कुठे काम करतात, आणि त्यांच्यातल्या दोघांशी माझं बोलणं करून द्याल का? एमबीए आणि आयटीच्या मुलांचे फोटो दाखवायला लागला, तर उत्तर मिळालं असं समज.

परदेशाला माझा विरोध नाही, पैशांचा क्रम उलटा लागतोय याला आहे. विज्ञानात संशोधनाची वाट धरलेल्या बहुतेकांना परदेशी विद्यापीठं पीएच.डी.च्या टप्प्यावर स्वतःच्या खर्चाने घेतात. फी माफ होते, वर महिन्याचा खर्च मिळतो. ऑस्ट्रेलियातही संशोधनाच्या पदवीला शिष्यवृत्त्या आहेत. तुला सुचवलेल्या कोर्सवर्कच्या मास्टर्सला मात्र त्या फार थोड्या. मास्टर्ससाठीच बाहेर जायचं असेल तर युरोपातली इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती बघ. दोन-तीन देशांतली विद्यापीठं मिळून अभ्यासक्रम चालवतात, त्यात सागरी जीवशास्त्राचेही आहेत, आणि निवड झाली तर महिना १,४०० युरो मिळतात. स्पर्धा कडक असते, पण अर्ज केल्याने दोन एकरांतला एक गुंठाही जात नाही. आपल्या सरकारच्याही परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, सारथीची आहे. प्रत्येकीला उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट असते. आपण कशात बसतो ते आधी तपास.

आता तुझ्या पत्राकडे वळते. चार पानं आहेत. त्यातली साडेतीन घर, मामा, पैसे आणि अपराधी वाटणं यांनी भरली आहेत. समुद्राच्या वाट्याला आल्यात जेमतेम काही ओळी. त्यातली एक मी पुन्हा वाचली: ‘ओहोटीला खडकावरच्या एका खळग्यात हात घातला तर पाणी कोमट लागलं, आणि कडेला कोरड्या कातळावर बारीक गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. एवढ्या उन्हात त्या मरत कशा नाहीत, हे विचारायचं होतं, पण सरांनी बसची शिट्टी वाजवली.’

ही ओळ मला मोलाची वाटते. ‘मला समुद्राची खूप ओढ आहे’ असं सांगणारी पत्रं मला येतात. ओढ वाटणाऱ्याला मी वर्षातून दोनदा मालवणला जाऊन ये म्हणते, त्यासाठी पदवी लागत नाही. तुझ्या ओळीत प्रश्न आहे, आणि तोही कामाचा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले प्राणी दिवसातून दोनदा उघडे पडतात. खळग्यातलं पाणी तापतं, आटतं, तसं खारटही होत जातं, आणि वळवाची एक सर आली की तेच पाणी घटकेत अळणी होतं. गोगलगाय ऑपरक्युलम, म्हणजे शंखाच्या तोंडावरचं झाकण, मिटून आतलं पाणी धरून ठेवते हे तू पुस्तकात वाचलं असशील. पण किती वेळ, किती तापमानापर्यंत, आणि किनारा अजून तापला तर कोणती जात आधी जाईल, यावर लोक वर्षानुवर्षं काम करतात. तेव्हा एम.एस्सी. कुठे करू याआधी तुला समुद्राला विचारायचंय काय, ते ठरव. एक पान लिहून काढ. ते पान भरलं तर कॉलेज शोधणं सोपं जाईल. नाहीच भरलं, तर तीही माहितीच झाली, आणि तीही अडतीस लाख न घालवता मिळालेली.

‘आमच्या घरात समुद्राशी कुणाचा संबंध नाही’ हे तुझं वाक्य मात्र मला पटलं नाही.

तुमच्या तालुक्यातली येरळा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा चौदाशे किलोमीटर वाहत जाऊन आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात शिरते. वाटेत इतकी धरणं झाली की तिचा गाळ पूर्वीइतका समुद्रापर्यंत पोचत नाही, आणि तिकडच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतोय. शेजारच्या साताऱ्याची गंमत आणखी वेगळी. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेतून पूर्वेला जायचं. पण विजेसाठी ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे सोडलं, की पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. एकाच धरणाचं पाणी दोन समुद्रांना जातं. खाडीत इतकं गोडं पाणी येत राहिलं तर तिथल्या कालवं-तिसऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न पाटणच्या मुलीने विचारला तर त्यात नवल काय?

आणि तुमची बाग. २०१९चा ऑक्टोबर-नोव्हेंबर बाबांना विचार, ते तारखेनिशी सांगतील. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच तापला होता, ज्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात त्याची ती जोरदार अवस्था होती. अरबी समुद्रात आधी क्यार आणि पाठोपाठ महा अशी चक्रीवादळं उठली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्यातलं एकही आदळलं नाही, पण पाऊस घाटमाथा ओलांडून आत आला. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यात नाहीतर फुलोऱ्यात असलेल्या बागा त्यात सापडल्या, दावण्या हा बुरशीचा रोग पसरला, घड कुजले. अरबी समुद्रातली वादळं वाढत चालल्याचं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे तुमच्या घरातला सर्वांत मोठा खर्च, औषध फवारणीचा, दीड-दोनशे किलोमीटरवरच्या समुद्राचं तापमानही ठरवतं. बाबांना पटवायची युक्ती म्हणून हे सांगत नाही, उगाच तसं वापरू नकोस. संबंध आहे, एवढंच म्हणायचंय.

किनाऱ्यावर जन्मलेल्यांचीच ही विद्या आहे, हेही डोक्यातून काढ. डॉ. अदिती पंत नागपूरच्या. समुद्रापासून तासगावपेक्षा कितीतरी लांब. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करत होत्या, आणि १९८३ साली निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत गेल्या. आपल्या मोहिमांवर गेलेल्या या पहिल्या दोन स्त्री शास्त्रज्ञ. त्सुनामीचा इशारा देणारी आणि मच्छीमारांना ‘आज मासळी या भागात मिळेल’ हे उपग्रहावरून सांगणारी आपली संस्था इन्कॉइस, तीसुद्धा हैदराबादला आहे. तिथे कुठला समुद्र?

आता अभ्यासक्रमांचं. समुद्रविज्ञान म्हणजे डॉल्फिन आणि ऑक्सिजनचे सिलिंडर, असं चित्र तुझ्या मामांच्या डोक्यात आहे, आणि थोडंसं तुझ्याही. प्रत्यक्षात समुद्रात भौतिकशास्त्र, रसायन, भूगर्भ, जीवशास्त्र, सगळं चालतं, आणि तुझ्या बी.एस्सी.च्या विषयावरून कोणतं दार उघडेल ते बरंचसं ठरलेलं असतं. प्रवाह, लाटा, मान्सून यांचं भौतिक समुद्रविज्ञान गणित मागतं. ते दार प्राणिशास्त्रवाल्यांना अवघड. तुझी दारं म्हणजे सागरी जीवशास्त्र, सागरी परिसंस्था, सागरी जैवतंत्रज्ञान.

जवळचं आधी सांगते. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आणि सागरी जैवतंत्रज्ञान आहे. सागरी विज्ञानाला त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, गोवा विद्यापीठ ॲडमिशन्स रँकिंग टेस्ट. जैवतंत्रज्ञानाचा प्रवेश जीएटी-बी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आणि समुद्रविज्ञान संस्था शेजारीच दोना पावलाला, त्यामुळे शोधप्रबंधासाठी तिथे शिरकाव करून घेता येतो, हा मोठा फायदा. मात्र बाहेरच्या विद्यापीठांतून येणाऱ्यांच्या जागा मोजक्या असतात, माहितीपत्रकात सगळ्यात आधी तेच बघ. कारवारला कोडीबागेत कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे. सांगलीकरांना तो जवळचा, पण आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. कोचीला कुसाट, म्हणजे कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ, आहे, इथे सागरी विज्ञानाच्या जवळपास सगळ्या शाखा एका छताखाली मिळतात. तमिळनाडूत परंगीपेट्टईला वेल्लार नदीच्या मुखाशी अण्णामलाई विद्यापीठाचं जुनं, नावाजलेलं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. पुदुच्चेरी विद्यापीठाचा विभाग तर थेट अंदमानात, श्री विजयपुरमला, म्हणजे आपल्या पोर्ट ब्लेअरला, आणि तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक परीक्षेतून होतो.

मुंबईतल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं नाव तू लिहिलंयस. संस्था उत्तम, पण तिथलं एम.एफ.एस्सी. मुख्यतः बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, केलेल्यांसाठी आहे. तुझ्या भावाला या विषयात रस असेल तर त्याचं वय योग्य आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला, तसंच उदगीर आणि नागपूरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, चार वर्षांची पदवी. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या जागांना बहुधा तीच पदवी मागतात. आणि हे पत्र वाचणाऱ्यांत कुणी फिजिक्स, गणित किंवा इंजिनिअरिंगचे असतील तर त्यांनी पुण्याची मौसम विज्ञान संस्था, बंगळूरची आयआयएससी, खरगपूर-दिल्लीच्या आयआयटी आणि एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा याकडे बघावं. त्यांच्यासाठी हे क्षेत्र तुझ्यापेक्षा जरा मोकळं आहे, हे खरं.

नोकरीचं गोड करून सांगत नाही. एम.एस्सी. झाल्या झाल्या कुणी शास्त्रज्ञ म्हणून घेत नाही. सुरुवातीला प्रोजेक्टवरची कामं मिळतात, वर्ष-दोन वर्षांच्या मुदतीची, मुदत संपली की पुन्हा अर्ज. बंदरं, तेल कंपन्या, किनाऱ्यावरचे प्रकल्प यांना पर्यावरण अहवाल करून देणाऱ्या खासगी कंपन्या घेतात, तिथे पाण्याचे आणि गाळाचे नमुने, प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची, मोजणी असलं काम असतं. मुंबईत राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान आहे. पण बरा पगार आणि स्थिर जागा हवी तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा काढणं आणि पीएच.डी. करणं जवळपास अपरिहार्य आहे. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे शिकत असतानाच तू घरावर भार राहत नाहीस. पण हा हिशोब एम.एस्सी.ची दोन आणि पीएच.डी.ची पाच अशा सात वर्षांचा आहे. तुझ्या घरी मुलीच्या लग्नाचं वय या सात वर्षांच्या मधोमध कुठेतरी येणार. ते बोलणं तुला टाळता येणार नाही, तेव्हा ते आत्ताच, आकड्यांसकट करून घे.

एक वाट मामांनाही पचेल अशी आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. प्राणिशास्त्र कर, शोधप्रबंध खाडीवर किंवा किनाऱ्यावरच्या प्राण्यांवर घे, नेटला लाईफ सायन्सेसचा पेपर दे, आणि पीएच.डी.ला समुद्रावर जा. खर्च कमी, घर जवळ. शिवाय कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली तर पदवीच्या नावावरून अडत नाही. सागरी जीवशास्त्राची एम.एस्सी. प्राणिशास्त्राला समकक्ष धरतात की नाही, हे जाहिरातीगणिक बदलतं, आणि त्यात मुलं अडकतात. तोटा असा की दोन वर्षं समुद्र समोर नसेल. मला विचारशील तर पहिली पसंती गोवा किंवा कारवार, नाही मिळालं तर कोल्हापूर. कोल्हापूर मिळालं म्हणून हरल्यासारखं तोंड करायचं कारण नाही.

पण अर्ज भरायच्या आधी समुद्रावरचं काम एकदा जवळून बघून घे. तुला वाटतंय त्यापेक्षा ते रटाळ असतं. संशोधनाच्या जहाजावर एका गोल चौकटीत बाटल्या लावून ती तारेने खाली सोडतात, वेगवेगळ्या खोलीवर एकेक बाटली मिटवतात, आणि चौकट वर आली की रात्रीचे तीन वाजलेले असोत, ओळीने पाणी भरून घ्यायचं. यात ऑक्सिजनचा नमुना अगदी सुरुवातीला काढतात, कारण हवा लागली की तो बिघडतो. नळी बाटलीच्या तळाशी टेकवून, पाणी वरून वाहू देऊन, बुडबुडा येऊ न देता भरायची. मग मँगॅनीजचा क्षार, आयोडाइड, तपकिरी साका, आम्ल, थायोसल्फेट, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजत बसायचं. ओळखीचं वाटतंय? विंकलर पद्धत. तुझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत नदीच्या पाण्यावर केलेली असणारच. तेच टायट्रेशन अरबी समुद्रात केलं की कळतं, साधारण दीडशे मीटरच्या खाली हजारेक मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळपास संपतो. आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते कमी प्राणवायूचं पाणी आपल्या किनाऱ्याकडे वर चढतं, मासळी त्याच्यापासून लांब पळते. हे सगळं त्या निळ्या रंगाच्या हिशोबावर उभं आहे. तुला ते थेंब मोजताना कंटाळा आला होता का, की आकडा नीट आला तेव्हा बरं वाटलं होतं? याचं उत्तर स्वतःला खरं दे. माझ्या दृष्टीने पोहता येण्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

या सहा महिन्यांत जमण्यासारखं बरंच आहे. ओहोटीचं वेळापत्रक बघून, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मैत्रिणीला घेऊन रत्नागिरीला जा. तोच खडकाळ किनारा, पण यावेळी थर्मामीटर आणि वही घेऊन. दोन खळगे निवड, दर अर्ध्या तासाने तापमान आणि दिसणारे प्राणी लिही. भरतीचं पाणी कधी आत येतं तिकडे लक्ष ठेव, शेवाळ्यावर पाय घसरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं सोडतात, तिथे काम करणाऱ्यांना ‘मला दोन दिवस मदतीला येऊ द्या’ असं विचार. आणि तासगावात बसूनही समुद्र वाचता येतो. जगभरच्या समुद्रांत चार हजारांच्या आसपास आर्गो फ्लोट तरंगतायत, ते दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात, आणि त्यांची माहिती फुकट मिळते. इन्कॉइसच्या प्रशिक्षण केंद्राचे वर्ग, स्वयम-एनपीटीईएलवरचे ऑनलाइन कोर्स बघ. संख्याशास्त्र आणि आर ही संगणकभाषा शिकायला घे. प्राणिशास्त्राची मुलं नेमकी तिथे कमी पडतात, आणि ज्याला ते येतं त्याला प्रोजेक्टवर आधी घेतात.

पोहण्याचं थोडक्यात. मोहिमेवर जाणाऱ्या सगळ्यांना पोहता येतं असं नाही, लाइफ जॅकेट आणि सुरक्षेच्या कवायती असतात. तरी शिकून घे, सांगलीत तलाव आहे, एका उन्हाळ्याचं काम. खरी अडचण असते ती बोट लागण्याची. आंबा घाटात तुला गाडी लागते का? लागत असेल तरी घाबरू नकोस, बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस त्रास होतो, मग शरीर सरावतं. ज्यांचं नाहीच सरावत ते प्रयोगशाळेत किंवा संगणकावर काम करतात, तेही समुद्रशास्त्रज्ञच. आजीला हे शेवटचं वाक्य आधी सांग.

आता ‘स्वार्थीपणा’. पत्रात हा शब्द तू पाचदा लिहिला आहेस, आणि बाबांच्या तोंडी तो एकदाही नाही. ते न बोलता सातबारा घेऊन गेले, याचा अर्थ तू ‘माझ्यामुळे ते कर्जबाजारी होणार’ असा लावलास. कदाचित त्यांना एवढाच एक मार्ग माहीत असेल, कारण घरात समुद्रविज्ञानाचा कागद आला तो कन्सल्टन्सीचा. कारवारचा, गोव्याचा, कोचीचा कागद त्यांनी पाहिलाच नाही. तो त्यांच्यापुढे ठेव: फी, वसतिगृह, जेवण, जाण्यायेण्याचा खर्च. परदेशाच्या मानाने हा आकडा फारच लहान निघेल, आणि कर्ज लागलंच तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बागेचं तारण द्यावं लागत नाही. रात्री जेवणं झाल्यावर, आई आणि आजीही बसलेल्या असताना बोल. आईचं मत तुझ्या चार पानांत कुठेच नाही, ते विचार. आणि बाबांनी ‘एवढे नाही जमणार’ म्हटलं, तर तो आकडा धरून पुढचं ठरव. त्यांनी हो म्हणावं म्हणून गप्प बसून रुसणं एवढं मात्र करू नकोस.

मामांशी भांडू नकोस. त्यांनी हा सल्ला दिला कारण पोटापाण्याची ती वाट त्यांनी स्वतः चालून पाहिली आहे. त्यांना सांग, बी.एड.ची सीईटी यंदा देते, निकाल हाताशी राहील, पण गोवा आणि कारवारचे फॉर्मही भरते. परीक्षांच्या आणि फॉर्मच्या तारखा साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि पटापट संपतात, तेव्हा जानेवारीपासून दर आठवड्याला संकेतस्थळं बघ, आणि दाखले, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर तो, आत्ताच काढून ठेव. विभागातल्या प्राध्यापकांना आधी एक छोटं ईमेल लिही, त्यात ते खळग्यातल्या गोगलगायींचं वाक्य असू दे. भेटायला या म्हणाले तर मामांनाच सोबत ने. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट मडगावला जाते. सुट्टीत ती भरलेली असते, आरक्षण आधी करा.